घणसोलीजवळची एक सीबीएसई शाळा : पंचवीस टक्क्यांतल्या मुलीच्या आईकडून

शाळेचं नाव लिहीत नाही. लेक अजून तिथेच शिकते आणि तिला उद्याही त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचं आहे. शाळा सीबीएसईची, इंग्रजी माध्यमाची, घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातल्या एका सेक्टरात. एवढ्यावरून ओळखू येणार नाही, कारण अशा शाळा इथे भरपूर आहेत. मी जे सांगणार आहे ते त्यातल्या बहुतेकींना थोडंफार लागू पडेल.

आम्ही घणसोली गावठाणातले, आगरी. नवरा एमआयडीसीत टेम्पो चालवतो, मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर असते. लेकीचा पहिलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांतून सोडतीत नंबर लागला, आता ती सहावीत आहे. इतर पालकांची फी वर्षाला लाखाच्या वर जाते, बसचे पैसे वेगळे. आम्ही फी भरत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते वाचणाऱ्याला कळेल. फुकट शिकणाऱ्यांनी शाळेला नावं ठेवू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांनी जमिनीबद्दल लिहिलंय तिथपर्यंत जरूर वाचावं.

आधी शिकवण्याबद्दल. शिकवणं चांगलं आहे. लेक पाचवीत अपूर्णांकात अडकली होती. गणिताच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली नाही की ट्यूशन लावा असं सुचवलं नाही. मधल्या सुट्टीत तिला आणि आणखी दोन मुलांना घेऊन बसल्या, कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि दुमडायला लावल्या. अर्धी, पाव, एक अष्टमांश. प्रत्येक घडीवर पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि मग दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघायचं, कोणती मोठी. त्या पट्ट्या अजून तिच्या कंपासपेटीत आहेत, कडा मऊ पडल्यात तरी ती टाकू देत नाही. वह्याही मन लावून तपासतात. चुकलेल्या पायरीखाली लाल रेघ आणि शेजारी 'इथून पुन्हा कर' असं लिहिलेलं असतं. पूर्ण गणितावर फुली मारलेली मी एकदाही पाहिली नाही.

मराठीचे सरही तसेच. २०२० च्या कायद्यापासून राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. बऱ्याच इंग्रजी शाळांत तो तास कसाबसा उरकतात असं ऐकते. आमच्या सरांनी मुलांना घरातल्या मोठ्या माणसांकडून एक गाणं शिकून यायला सांगितलं. लेकीने आजीकडून धवल्याच्या चार ओळी पाठ केल्या. आमच्यात लग्नात धवलारीण गाते तो धवला. वर्गात तिने म्हटला तेव्हा मुलं हसतील अशी मला धास्ती होती. सरांनी तिला पुन्हा म्हणायला लावला, फळ्यावर लिहून घेतला आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ तिच्याकडूनच विचारला. त्या दिवसापासून ती घरी आगरी बोलायला लाजत नाही. यासाठी मी या शाळेची ऋणी आहे.

मैदान मात्र नावाला आहे. इमारत उंच, आणि मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉक घातलेला चौक. कबड्डी खेळली की गुडघे फुटतात. ग्रंथालय ठीक, प्रयोगशाळा चालू असते, शौचालयं स्वच्छ.

आता पैशाचं. शिक्षण हक्क कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट आहे : ज्या खर्चामुळे मुलाचं शिक्षण अडेल असा कोणताही खर्च त्याच्याकडून घ्यायचा नाही. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकांचा संच ठरलेल्या दुकानातून, स्नेहसंमेलनाचा पोशाख ठरलेल्या माणसाकडून, सहलीचे पैसे वेगळे, असं चालायचं. ऑफिसात विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, हे ऑप्शनल आहे." ऐच्छिक म्हणजे काय, तर पोशाख नाही घेतला तर मूल स्टेजसमोर खुर्चीत बसणार आणि बाकीचे नाचणार. सात वर्षांच्या पोरीला ऐच्छिक कसं समजवायचं? आम्ही चौघी आया मिळून खेटे घालत राहिलो. शेवटी लेखी अर्ज दिला, कलमाचा उल्लेख करून, आणि पोच घेतली. मुख्याध्यापिकांनी आम्हाला आत बोलावून नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि पुढच्या संमेलनाला शाळेच्याच कपाटातले पोशाख वापरायचे ठरवलं, सगळ्याच मुलांसाठी. कोण पंचवीस टक्क्यांतलं हे पोशाखावरून ओळखू येऊ नये असं त्या स्वतः म्हणाल्या. इतकं पुढे जाऊन विचार करणाऱ्या मुख्याध्यापिका सगळीकडे मिळत नाहीत.

शाळेचीही एक बाजू आहे. आमच्या मुलांमागे सरकार शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं, तेही वेळेवर येत नाहीत ही शाळांची राज्यभर जुनी तक्रार आहे. कायदा करायचा सरकारने आणि तंगी सोसायची शाळेने, असं झालं की शाळेचा राग मुलावर निघतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तर सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के जागा द्यायला नकोत. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असं ठिकाण शोधावं लागेल. म्हणजे दारच बंद. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता. आमच्या आळीतल्या दोन घरांत पोरं नवं दप्तर घेऊन घरात बसली होती.

ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले ती आता. या शाळेच्या माहितीपत्रकावर, गेटवरच्या फलकावर आणि बसच्या पाठीवर एकच वाक्य आहे : आम्ही उद्याचे नेते घडवतो. शाळेत चार हाऊस आहेत, प्रीफेक्ट आहेत, हेड बॉय आणि हेड गर्ल आहेत, नवी मुंबईच्या दमट हवेत घालायला ब्लेझर आहे. पालकांच्या पहिल्या सभेत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते की इंग्लंडच्या ईटन शाळेने वीस पंतप्रधान दिले, आपल्याही शाळेतून असे नेते निघतील.

वीस पंतप्रधान ही गोष्ट खरी आहे, विसावे बोरिस जॉन्सन. त्यांच्यानंतर दोन महिन्यांच्या आत आलेले ऋषी सुनक विंचेस्टरचे, तीही तशीच जुनी आणि महागडी शाळा. पण मी घरी येऊन वाचलं तेव्हा पुढचं कळलं. ईटन १४४० साली सहाव्या हेन्री राजाने काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. पुढे तीच शाळा देशातल्या बड्या घराण्यांची झाली. आज ब्रिटनमध्ये साधारण ७ टक्के मुलं फी भरून खासगी शाळेत शिकतात, पण २०१९ साली निवडून आलेल्या संसदेत असे खासदार २९ टक्के होते. जॉन्सन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात तर जवळजवळ दोन तृतीयांश. २०२४ च्या निवडणुकीनंतर खासदारांत ते प्रमाण २३ टक्क्यांवर आलं. ही मोजदाद तिथे सटन ट्रस्ट नावाची संस्था करते, वर्तमानपत्रं छापतात, लोक त्यावर भांडतात. जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लावला. ज्या देशाचं ब्लेझर आपण उचललं त्या देशातच हा वाद किती मोठा आहे हे सभेत कोणी सांगत नाही.

आपल्याकडेही ही वाट आहेच. नेहरू हॅरोला शिकले. १९३५ साली डेहराडूनला दून स्कूल निघालं तेव्हा पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमध्ये शिकवून आलेले. तिथून राजीव गांधी, नवीन पटनायक, अमरिंदर सिंग, ज्योतिरादित्य शिंदे बाहेर पडले. पक्ष वेगवेगळे, शाळा एक.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र मोठ्या प्रमाणात वेगळी होती, आणि त्याचा मला अभिमान आहे. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातले, लहानपणी वडील गेलेले, आई विठाईने वाढवलेले, कराडच्या टिळक हायस्कूलात शिकलेले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, शिकत शिकत पुढे गेले आणि मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील तासगावजवळच्या अंजनीचे. आमच्या ठाण्याचे एकनाथ शिंदे शिक्षण अर्धवट सोडून रिक्षा चालवायचे, पुढे कितीतरी वर्षांनी मुक्त विद्यापीठातून बीए झाले. आणि आमचे दि. बा. पाटील, जासईत जन्मलेले, वकील झालेले, पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार. या माणसांना ब्लेझर कोणी घातलं नव्हतं. लोकांत राहून ती पुढे आली.

पण नेता कोणत्या शाळेत शिकला यावरून तो शाळांचं काय करील हे ठरत नाही, असंच मला इतिहास वाचून वाटतं. छत्रपती शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. ती संस्थानिकांच्या मुलांची शाळा, तिथे शेजारी बसणारा प्रत्येक मुलगा राजाचा. तरी १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. उलट वसंतदादा पाटील. शाळा फार शिकलेले नव्हते, स्वातंत्र्यलढ्यात गोळी झेललेला माणूस. १९८३ साली मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. हेतू वाईट नव्हता. आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, ती इथे शिकावीत. कॉलेजं निघाली, खेड्यातली पोरं इंजिनीअर झाली हेही खरं. पण त्यानंतर शिक्षणसंस्था आणि राजकारण यांची जी सोयरीक झाली ती आजतागायत सुटलेली नाही. सोनसळच्या शेतकरी घरातल्या पतंगराव कदमांनी १९६४ सालीच भारती विद्यापीठ सुरू केलं होतं. आमदार राहिलेल्या, पुढे राज्यपाल झालेल्या डी. वाय. पाटलांच्या संस्था आपल्या नेरुळमध्ये रोज डोळ्यांसमोर असतात. त्यांनी मोठं काम उभं केलं. मात्र राज्यात जागोजागी शाळा-कॉलेजांचा मालक आणि कायदा करणारा एकाच घरातला असतो, तेव्हा फीच्या प्रश्नावर पालकांची बाजू विधानसभेत कोण मांडणार?

म्हणून नेता स्वतः कुठे शिकला यापेक्षा त्याची मुलं आज कुठे शिकतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. २०२४ च्या विधानसभेला मी ऐरोली आणि बेलापूरच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मोबाइलवर वाचली. शाळेचं नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सगळं असतं. अवलंबून असलेल्या मुलांच्या नावावर किती सोनं आणि किती ठेवी तेही असतं. ती मुलं कोणत्या शाळेत जातात हा रकाना नाही. तो असायला हवा. १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं होतं की सरकारी पगार घेणाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची मुलं सरकारी प्राथमिक शाळांतच शिकतील अशी व्यवस्था करा. निकाल कागदावर राहिला. पण त्यामागचं कारण माझ्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे.

आमच्या शाळेत एका माजी नगरसेवकाचा मुलगा आहे, लेकीच्याच वर्गात. शाळेच्या गेटसमोर गाड्या भरधाव जायच्या. एकदा एक मूल थोडक्यात वाचलं. त्या मुलाच्या वडिलांनी जागेवरून फोन लावला, आणि आठवड्याच्या आत तिथे गतिरोधक आला, पांढरे पट्टे आले, सकाळ-दुपार वॉर्डन उभा राहू लागला. ज्या शाळेत आमच्या आळीतली बाकीची पोरं जातात तिथल्या वळणावर गतिरोधक व्हावा म्हणून आम्ही बायकांनी कितीदा अर्ज दिले ते आम्हालाच ठाऊक. मी त्या वडिलांना दोष देत नाही. आपलं मूल जिथे बसमधून उतरतं तो रस्ता कुठल्याही बापाला आधी दिसतो. प्रश्न एवढाच आहे की फोन लावू शकणाऱ्या सगळ्या बापांची मुलं एकाच प्रकारच्या गेटमधून आत जात असतील, तर बाकीच्या गेटांकडे कोण बघणार?

त्यामुळे या शाळेत पंचवीस टक्क्यांचं काय होतं हे मी बारकाईने पाहत आले. पहिली चांगली गोष्ट, आमच्या मुलांची वेगळी तुकडी नाही. सगळ्या तुकड्यांत वाटून बसवलेत. दुसरी, वर्गशिक्षिका दर सोमवारी बाकावरची जागा बदलतात, त्यामुळे वर्षभरात प्रत्येक मूल प्रत्येकाशेजारी बसतं. कागदावर साधी गोष्ट, पण त्यानेच खूप फरक पडतो. वाढदिवसाचं मात्र अजून जमलेलं नाही. वाशीच्या मॉलमधल्या गेमझोनमध्ये पार्टी असते, निमंत्रण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर न येता निवडक आयांना वेगळं जातं, आणि सोमवारी मुलं वर्गात त्याच गप्पा मारतात. यावर शाळेने काही करावं असं मी म्हणणार नाही, ते पालकांचं काम आहे.

युवा संसदेचा प्रसंग सांगते. दरवर्षी ऑडिओ-व्हिज्युअल रूममध्ये पाचवी ते आठवीची मुलं संसद भरवतात. पूर्वी पंतप्रधान, मंत्री, सभापती बाई निवडायच्या, आणि ज्यांचं इंग्रजी सफाईदार तीच मुलं मंत्री व्हायची. या वर्षी नव्या इतिहासाच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. लेकीला विरोधी बाक मिळाला आणि त्या माजी नगरसेवकाच्या मुलाला वाहतूक खातं. पालकांना मागे बसायची परवानगी होती, मी लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन गेले होते. बाकीचे प्रश्न पाठ करून आलेले, हवामान बदल वगैरे. लेक उठली आणि म्हणाली, "माननीय मंत्री महोदय, शाळेची बस घणसोली गावात का येत नाही?" त्याने कागद चाळला. त्यात हे नव्हतं. म्हणाला, "रस्ता अरुंद आहे." ती खाली बसली नाही. "मग रस्ता अरुंद का आहे?" खोली एकदम गप्प. सर मध्ये पडले नाहीत, घड्याळाकडे बघत त्यांनी मंत्र्याला वेळ दिला. तो पोरगा थोडा विचार करून म्हणाला, "गाव आधीपासून होतं. शहर नंतर आलं. शहराने रस्ता गावापर्यंत आणला नाही." सगळ्यांनी बाकं वाजवली, दोन्ही बाजूंच्या.

हे त्याला कोणी शिकवलं? मी नंतर लेकीला विचारलं. तो एक आठवडा तिच्या शेजारी बसला होता, तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं की आमचं घर सेक्टरच्या आधीचं आहे. पुढच्या महिन्यात शाळेच्या वाहतूक विभागाचे गृहस्थ गावात येऊन गेले आणि बसचा थांबा मुख्य रस्त्यावरून गावाच्या तोंडाशी आणला. आता आमच्या पोरांना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. उद्याचा नेता घडवायचा म्हणजे काय ते मला त्या खोलीत दिसलं, आणि त्यासाठी बाकावरची सोमवारची अदलाबदल पुरली होती. शाळेच्या मालकांनी फलकावर काही छापायचंच असेल तर हे छापावं.

जमिनीचं. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासेमारी आटत गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बां.च्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. याच शहरात सिडकोने शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. आमच्या सासूच्या घरची खाचरं याच बाजूला होती. नातीला सोडायला ती पहिल्यांदा गेटपर्यंत आली तेव्हा इमारतीकडे बघून म्हणाली, "जमीन आपली व्हती, आता साला त्यांची हाय." आमच्या आगरीत साला म्हणजे शाळा. मी तिला सांगितलं, साला आपली पण हाय, म्हणून तर पोरगी आत चाललीय. ज्या जमिनीला बाजारभाव लागला नाही तिच्यावर उभ्या असलेल्या शाळेत चारातली एक जागा आमच्या पोरांना मिळते, ती कोणाची मेहेरबानी नाही. ज्यांना आम्ही फुकटे वाटतो त्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

जावेचा मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत जातो. तिथल्या बाई त्याच्या घरी दोनदा येऊन गेल्या, हे आमच्या शाळेत कधी होणार नाही. त्याचं वाचन माझ्या लेकीपेक्षा चांगलं आहे, मराठी तर आहेच. पालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरण्याला स्वतःच्या सीबीएसई शाळाही काढल्या, तिथे प्रवेशाला झुंबड उडते. म्हणजे चांगली सरकारी शाळा असेल तर लोक जातात, हे दिसून आलंय. एखादा नगरसेवक, आमदार किंवा आयुक्त आपलं मूल तिथे घालायला तयार झाला, तर मी आनंदाने त्याच्या प्रचाराला उतरेन, पक्ष न बघता.

मला आत्ता भेडसावणारी गोष्ट म्हणजे नववी. आरटीईचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत. त्यानंतर शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि लाखाच्या वर फी आमच्या आवाक्यातली नाही. आठ वर्षं एका शाळेत वाढलेलं मूल नववीला दुसरीकडे जाणार, तेही दहावीच्या तोंडावर. मुख्याध्यापिकांना विचारलं तर त्या म्हणाल्या की संस्थेशी बोलते. लेखी काही मिळालेलं नाही, म्हणून माझ्या हिशेबात शाळेचा एक तारा इथे कमी होतो. शिकवण्याला पाच, मुलं मिसळण्याला चार, पैशाच्या बाबतीत तीन. नववीचा निर्णय लेखी आला तर इथे येऊन बदल करीन.

नव्या पालकांनी घ्यायची काळजी. फॉर्म भरताना घराचं ठिकाण नकाशावर टाकावं लागतं. गावठाणातल्या घरांना सेक्टर आणि प्लॉट नंबर नसतो, त्यामुळे खूण जवळच्या सोसायटीवर जाते आणि पडताळणीत अंतर चुकलं की प्रवेश रद्द होतो. मोबाइल हातात घेऊन स्वतःच्या उंबरठ्यावर उभं राहून खूण टाका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यातला तुमच्या गटाला जो लागतो तो दिवाळीतच काढून ठेवा, जानेवारीत सेतूत उभं राहायला जागा नसते. आणि शाळा सुरू झाली की पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी चिठ्ठी टाकताना आपलं नाव द्या. २०११ च्या फी नियमन कायद्याने शाळेची फी त्या समितीसमोर येते, सदस्य सोडतीने निवडतात, आणि पंचवीस टक्क्यांतल्या पालकांनी त्यात बसू नये असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.